भातात कुठं साखर राहते

आमच्या गावात बाईच्या थुंकीत रक्त दिसणं ही काही बातमी नव्हती. सकाळी आंगणात उकिडवं बसून बाया तोंडात बोट घालायच्या, गुडाखू घासायच्या, चूळ टाकायच्या, आणि चूळ तांबूस पडली तर पायाने त्यावर माती सरकवून कामाला लागायच्या. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळपट लगदा, इवल्याशा डबीत मिळतो. आमच्या सालेकसा भागात तो दातांसाठी म्हणून आणतात आणि नशेसाठी ठेवतात. बोट तोंडात असेपर्यंत बाईला बोलता येत नाही, नुसती मान हलवते. माझी सासू गावात तोंडाची तिखट म्हणून प्रसिद्ध होती. आमच्या घरात शांतता असायची ती तेवढाच वेळ.

मी गोंदियातली, शहरातली. घरात अर्धी हिंदी, रस्त्यावर पूर्ण हिंदी, आणि दात घासायला ब्रश. लग्न होऊन या पोवारांच्या घरात आले तेव्हा सासरे हयात होते. आपले पूर्वज माळव्यातून आले हे ते दर पाहुण्याला असं सांगायचे, की जणू परवाच बैल सोडलेत. घरची धानाची शेती, नवरा शेतात, आणि मी शेजारच्या गावातल्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. पहिल्या सकाळी सासूने माझा ब्रश हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "यानं दात निंगत नाई का वं?" मी हसले. ती नाही हसली.

सासूला मी आई म्हणायचे. बाकीच्या सुना मनातून शिव्या घालत तोंडाने आई म्हणतात, तसं माझं नव्हतं. ती कडक होती, फटकळ होती, पण मी शाळेतून आले की माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट कधी गार नसायचं. तिचं प्रेम बोलण्यात कधी आलं नाही, सगळं ताटातूनच आलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते याच ताटातून झालं, किंवा झालं असावं. नक्की कोणीच सांगू शकलं नाही.

पहिल्यांदा दिवस गेले ते दोन हजार चारच्या आसपास. उलट्या थांबल्या आणि हिरड्या सुजायला लागल्या. ब्रश लावला की फेस गुलाबी. भाकरीचा तुकडा चावला की कळ कानापर्यंत जायची. मी घाबरले. सासू अजिबात घाबरली नाही.

"पोटुशी बाईचे हिरडे सुजतेच. लेकरू आपल्या हाडातून घेते, मंग दात ढिले पडते. मायेवाले नाई पडले का? गुडाखू लाव जराशी, ठणका मरते."

खरंच मरायचा. तंबाखूने हिरडी बधिर व्हायची आणि तासभर बरं वाटायचं. मास्तरीण असून मी गुडाखू लावत होते, यात मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. ज्याला दुखतं त्याला विज्ञान आठवत नाही. शिवाय गावातल्या सगळ्या पोटुशा बायांची हीच तऱ्हा होती. दाताच्या डॉक्टरकडे पोटुशी बाई जायची नाही, कारण पोट असताना दात काढला तर लेकराच्या डोळ्यावर जातं असं सगळ्यांनाच ठाम माहीत होतं. कोणाच्या लेकराच्या डोळ्यावर गेलं होतं, ते मात्र कोणाला माहीत नव्हतं.

चावता येईना, म्हणून सासूने पेज सुरू केली. आमच्याकडे पेज म्हणजे तांदळाची, भरपूर पाण्यात गळेपर्यंत शिजवलेली. सकाळी पेज गुळासोबत, दुपारी दूधभात कालवून, संध्याकाळी पुन्हा पेज. मधल्या वेळेला मोहफुलांचे लाडू. तेही चावायला त्रास नको म्हणून ती उखळात कुटून इतके मऊ करायची की जिभेवर विरघळायचे. जंगलाकडच्या गोंडाच्या घरून तिची एक ओळखीची बाई निवडक मोहफुलं आणून द्यायची. "पोटुशीले ताकद येते," दोघी म्हणायच्या. मी खायचे. भूकही तशीच लागायची, राक्षसासारखी. तहान तर विचारू नका. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मी माठाकडे जायचे आणि परत येईपर्यंत पुन्हा घसा कोरडा. उन्हाळा आहे, सगळे म्हणाले. उन्हाळा संपून धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आली तरी सगळे उन्हाळाच म्हणत राहिले.

पोट मोठं दिसायला लागलं. सातव्यातच नवव्यासारखं. बाया येऊन पाहून जायच्या, पोटावर हात ठेवायच्या, आणि सासूकडे वळून म्हणायच्या, "खाऊ घातलं बाप्पा सुनेले!" तेव्हा सासूच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला अजून स्पष्ट दिसतं. तिच्या आयुष्यात तिला कोणी फार कौतुकाने बोललं नव्हतं. उपकेंद्रातली सिस्टर यायची, सुई टोचायची, लोहाच्या गोळ्या द्यायची, वजन बघून खूश व्हायची. साखर तपासा असं कोणी म्हणालं नाही. साखरेचा आजार हा तेव्हा आमच्या लेखी शेठ लोकांचा, गोंदियाच्या बाजारात गादीवर बसणाऱ्यांचा. चिखलात राबणाऱ्या घराला तो कसा होईल?

नवव्या महिन्यात एका सकाळी लक्षात आलं की कालपासून पोटात हालचाल नाही. मी आधी स्वतःला समजावलं. झोपला असेल. मग थंड पाणी प्यायले, कुशी बदलून पाहिली, पोटाला थोपटलं. शेवटी सासूला सांगितलं. तिने दोन्ही हात माझ्या पोटावर ठेवले आणि खूप वेळ उचललेच नाहीत. नंतर एवढंच म्हणाली, "चाल, गोंदियाले."

सालेकशाहून पॅसेंजर मिळाली. डब्यात धानाची पोती, कोंबड्यांच्या पाट्या, गर्दी. सासूने कोणाला तरी दटावून मला खिडकीपाशी जागा करून दिली आणि पूर्ण रस्ता माझा हात धरून बसली.

मुलगा होता. मेलेला जन्मला. सव्वाचार किलोचा. दवाखान्यातली आया त्याला कपड्यात गुंडाळताना दुसरीला हिंदीत म्हणाली की दोन महिन्यांचा वाटतो. केस दाट काळे, गाल भरलेले, नाक नवऱ्यासारखं. कुठेही काही कमी नव्हतं, फक्त श्वास नव्हता. मला त्याला मांडीवर घ्यायचं होतं. कोणीतरी म्हणालं, नको, मग विसरता येत नाही. जणू न घेतल्याने येणार होतं.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. यावर मी जास्त लिहू शकत नाही. सासू गरम फडक्याने शेकायची, दूध काढून टाकायची, आणि ते कुठे ओतते ते मला दिसू नये म्हणून पाठ करून बाहेर जायची.

मग चर्चा सुरू झाल्या. शेजारची एक बाई घरी येऊन, माझ्यादेखत, म्हणाली की मास्तरीण बाई शाळेत जाताना त्या आडवाटेने जायची, तिथे काही लागलं असेल. शिकलेल्या बाया ऐकत नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सासू तेव्हा तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"कोनाले काय लागलं ते मले सांगू नोको. मी होती सोबत. आता घरी जा आपल्या. आन परत ह्या दारात हे बोलाले येशील तर पाय मोडीन."

ती बाई गेली. सासू सूप उचलून पुन्हा पाखडायला बसली, पण सुपातले तांदूळ बाहेर सांडत होते. मला तेव्हा नवल वाटलं. गावात सून अपशकुनी ठरवायला सासवा टपूनच बसलेल्या असतात. आयतं कारण हाताशी असताना ही बाई माझ्या बाजूने का उभी राहिली?

त्यानंतरची दोन वर्षं मला नीट आठवत नाहीत. शाळेत जात होते, येत होते, धान निघत होतं, विकलं जात होतं. हिरड्या बाळंतपणानंतर आपोआप उतरल्या, म्हणून त्यांचाही विचार कोणी केला नाही. सासरे त्याच काळात गेले.

पुन्हा दिवस गेले तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं हिरड्यांनीच. या वेळी त्या लवकर सुजल्या आणि जास्त सुजल्या. पुढच्या दोन दातांमधून एक लाल गोळा वर आला, करवंदाएवढा, आणि नुसता जिभेने लागला तरी रक्त यायचं. सकाळी उठले की उशीवर डाग. एक दिवस वर्गात कविता म्हणून दाखवता दाखवता पहिल्या ओळीतली एक मुलगी ओरडली, "बाई, रक्त!" मी पदराने तोंड झाकलं आणि त्या दिवशी उरलेला वर्ग फळ्याकडे तोंड करून घेतला.

नवरा म्हणाला, गोंदियाला दाताच्या डॉक्टरला दाखवू. सासू म्हणाली, दात काढू देणार नाही. नवरा म्हणाला, नुसतं दाखवू. सासू म्हणाली, मग मी येते. अशी आमची वरात निघाली.

दाताची डॉक्टर बाईच निघाली, तरुण, हिंदी बोलणारी. तोंडावर कापड, हातात आरसा. तिने माझं तोंड उघडून पाहिलं आणि वास घेतल्यासारखं थांबली.

"गुडाखू करते हो?"

मी सासूकडे पाहिलं. सासूने छताकडे पाहिलं. तिची डबी त्या क्षणीही कमरेला खोचलेली होती.

"पहला बच्चा है?"

"दूसरा," मी म्हणाले. "पहला... नहीं रहा."

"कितने महीने में?"

"नौवें में. पूरे दिन हो गए थे."

"वजन?"

मी सांगितलं. डॉक्टरने आरसा ट्रेमध्ये ठेवला. दातांबद्दल बोलेल असं वाटलं होतं, ती दातांबद्दल बोललीच नाही.

"शुगर कभी टेस्ट कराया?"

नवरा म्हणाला, शुगर दाताला कशाला? ती म्हणाली, आधी करून या, मग सांगते. आणि तिने त्याच रस्त्यावरच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईकडे आम्हाला पाठवलं. तिथे साखरेचं पाणी प्यायला लावलं, बसवून ठेवलं, रक्त घेतलं, पुन्हा बसवलं. संध्याकाळी कळलं. साखर होती. भरपूर होती.

या डॉक्टरीणबाई वयस्क, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी समोर बसवून समजावलं. गरोदरपणात काही बायांना साखर होते, तशी पुष्कळदा कळत नाही. साखर वाढली की हिरड्या सडायला लागतात, आणि हिरड्या सडल्या, तिथे सतत सूज राहिली, की अंगातली साखर आणखी आवरत नाही. "घरात दोन भांडखोर जावा असल्या की कसं होतं?" त्या म्हणाल्या. "एक पुटपुटली की दुसरी ओरडते, दुसरी ओरडली की पहिली भांडी आपटते. आधी कोणी सुरुवात केली ते विचारायचं नाही. दोघींना एकाच वेळी गप्प करायचं."

मी विचारलं, "मग माझा पहिला..."

त्या म्हणाल्या, "असू शकतं. एवढं मोठं मूल, शेवटच्या दिवसांत गेलं. असू शकतं. पण तेव्हा तपासलं नाही, आता नक्की सांगता येणार नाही."

सासू शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिला सगळं समजलं की नाही मला कळलं नाही. परतीच्या गाडीत तिने एकदाच तोंड उघडलं, "म्हंजे गोड बंद ना? बस, झालं."

आणि खरोखर, घरात पोचताच तिने गोड बंद केलं. नुसतं माझं नाही, सगळ्यांचं. साखरेचा डबा आणि गुळाची भेली उचलून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवली. नवऱ्याला फिका चहा, पाहुण्याला फिका चहा, सरपंच आला त्यालाही फिका चहा. मोहफुलं आणणाऱ्या बाईला दारातूनच परत पाठवलं. सणाला खीर नाही, काही नाही. गावात बोलणं झालं की मास्तरीणबाईच्या घरी काही सुतक आहे काय.

पुढच्या तपासणीत साखर आधीपेक्षा जास्त निघाली.

डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या. सासू त्यांच्यावर चिडली. "साखरेचा कन देल्ला नाई घरात! गनपतीचा प्रसादबी खाऊ देल्ला नाई!" तिचा आवाज बाहेर बसलेल्या बायांपर्यंत गेला.

"मग खाते काय ती?"

"काय खाईल? चावता येत नाई तिले. पेज खाते."

"किती वेळा?"

"जवा भूक लागन तवा. दिवसभर."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी सांगितलं की तांदूळ, आणि तोही इतका गळलेला, पोटात जाऊन साखरच होतो. सासूचा चेहरा असा झाला की जणू तिच्या बापाची कोणी बदनामी केली.

"भातात कुठं साखर राहते? जलम गेला माया भात खाण्यात. आमच्या धानाले कोनी गोड म्हनलं नाई आजवर."

मी हसले नाही. माझंही तेच मत होतं. मी मुलांना आहारातले घटक शिकवत होते, कर्बोदके शब्द फळ्यावर लिहीत होते, आणि घरी येऊन पेजेचं पातेलं चाटूनपुसून संपवत होते. पुस्तकातला तांदूळ वेगळा आणि आपल्या कोठीतला वेगळा, असंच आमच्याकडे सगळ्यांना वाटतं. ज्या घराचं लग्न, बारसं, तेरवी, नवस सगळं धानावर चालतं, त्या घराला धानाचा संशय येत नाही.

त्यानंतर उपचार नीट सुरू झाले. इन्शुलिनची सुई मांडीत स्वतः टोचायला शिकले. आमच्याकडे फ्रिज नव्हता, आणि असता तरी वीज कुठे होती, भारनियमनाने जीव काढला होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या माठात बाटली ठेवायची. दाताच्या डॉक्टरने आठवड्यामागून आठवडा थोडं थोडं करून हिरड्यांखालची घाण काढली. दात काढला नाही, तो लाल गोळाही काढला नाही. बाळंतपणानंतर बसेल म्हणाली. गुडाखू मात्र त्याच दिवसापासून बंद करायला लावली. हिरड्या उतरल्या तशी मला चावता यायला लागलं, मग चणे, भाज्या, गव्हाची पोळी खाता आली, पेज सुटली, आणि मग कुठे आकडे खाली यायला लागले. एकीला गप्प केलं तशी दुसरीही हळूहळू गप्प झाली.

माझ्यासोबत सासूनेही गुडाखू सोडली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पस्तीसेक वर्षांची सवय. तिचं डोकं दुखायचं, हात कापायचे, सगळ्यांच्या अंगावर वसकन यायची. नवरा म्हणाला, आई, तू लाव थोडी, तुला काय होतं? तिने त्याला जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. सकाळी ती आता नुसतीच आंगणात बसायची, तोंड मोकळं, आणि तरी गप्प.

मी मात्र सुखात नव्हते. लोकांना वाटतं, आजार कळला, औषध मिळालं, आता बाई निर्धास्त झाली. मी त्या पोटातल्या जिवावर जीव लावायला घाबरत होते. बारशाचं बोलणं निघालं की उठून जायचे. एकही झबलं शिवलं नाही. हलला की आनंद व्हायच्या आधी भीती वाटायची, की उद्या हलला नाही तर? आणि रोज त्या पहिल्याचं तोंड समोर यायचं. इतकं साधं होतं हे? एक ग्लास साखरेचं पाणी प्यायचं आणि रक्त द्यायचं, एवढ्यावर त्याचं जगणं होतं? राग यायचा, आणि तो कोणावर काढावा कळायचं नाही. सिस्टरवर काढू, तर तिला कोणी शिकवलं नव्हतं. नवऱ्यावर काढू, तर तो बिचारा गेलेल्या मुलाबद्दल ब्रसुद्धा काढत नव्हता, एकटाच बांधावर जाऊन बसायचा. मग डोळ्यांसमोर यायची ती पेजेची वाटी, वर गुळाचा खडा, आणि ती पुढे करणारा हात. हा विचार आला की मला स्वतःची किळस यायची. पण यायचा, हे खोटं कशाला सांगू.

दिवस पूर्ण व्हायच्या आधीच डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया केली. मुलगी झाली. रडली. रडण्याचा आवाज ऐकून मीही रडले, पण आनंदाने रडले असं म्हणणार नाही. तिची साखर जन्मल्यावर एकदम उतरली, म्हणून तिला दुसऱ्या खोलीत सलाईन लावून ठेवलं, आणि ती मला मिळेपर्यंत मी धरूनच चालले होते की हीही गेली. तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो तिचा नव्हता. तोही वाचला असता, हा होता. पोरीने डोळे उघडले, आणि मला तिची माफी मागावीशी वाटली.

घरी आलो. सासू सगळं करत होती, शेक, तेल, अंघोळ. पण बोलत नव्हती. तिचं ते तिखट तोंड कुठे गेलं होतं कळेना. काहीतरी विचारायला जवळ यायची, पोरीचं लंगोट नीट करायची आणि परत जायची. मला ठाऊक होतं ती काय विचारणार ते. माझ्या मुलाबद्दल. आपल्या पेजेबद्दल. ती असं कधीतरी विचारेल म्हणून मी उत्तर तयार करून ठेवलं होतं: नाही आई, तुमचा काही दोष नाही, डॉक्टरच म्हणाल्या नक्की सांगता येत नाही. हे वाक्य मी मनात इतकं घोळवलं होतं की ते मला जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

एका दुपारी ती पोरीला पायांवर आडवी घेऊन तेल लावत होती. नवरा चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, कामाला खळ्यावर गेला होता. घरात आम्ही दोघीच.

"एक इचारू का वं?"

"विचारा ना."

"हे साखर... जुन्या काळातबी रायत असन का?"

"असेल की. तेव्हा तपासत नव्हते एवढंच."

ती पोरीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मी माझं वाक्य तयार ठेवलं.

"मायेवाले दोन गेले ना," ती म्हणाली. "तुया नवऱ्याच्या अगोदर."

माझा नवरा घरातला थोरला. आम्हाला सगळ्यांना तेवढंच माहीत होतं, त्यालाही.

"दोघंई पोट्टेच. दोघंई मोठे, भरलेले, तुयावाल्यासारखेच. पोटातच गेले, पुरे दिवस भरून. दोन्ही खेपा हिरड्यातून रगत, तोंड सुजलेलं. मले पानी पुरे ना. मायी सासू म्हने हे टोनही आहे, आपलेच लेकरं खाते, तोंडाले रगत लागलेलं दिसते का नाई. हिरड्याचं रगत होतं वं ते."

टोनही म्हणजे चेटकीण, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं. ज्या बाईवर हा शब्द बसतो तिच्या अंगणातून लोक लेकरांना उचलून नेतात.

"हा होयेपर्यंत गावात कोनी मले लेकरू हातात घेऊ देल्लं नाई," ती म्हणाली. तिचे हात थांबले होते. पोर पायांवर चुळबुळत होती. "त्याईलेबी साखरच झाली असन ना वं? तुले त समजते."

माझं तयार वाक्य तिच्या काही कामाचं नव्हतं. नक्की सांगता येत नाही, हे तिला चाळीस वर्षं लोकांनी सांगितलंच नव्हतं. तिला तर सगळ्यांनी अगदी नक्की सांगितलं होतं.

"हो आई," मी म्हणाले. "साखरच होती."

"दोघाईले?"

"दोघांनाही."

तिने मान हलवली. डोळे पुसले नाहीत, कारण हात तेलाचे होते. मग तिने दाराकडे पाहिलं, बाहेरच्या रस्त्याकडे, जणू आत्ता उठून कोणाला तरी जाऊन सांगायचं आहे. पण तिची सासू जाऊन जमाना झाला होता, नवरा गेला होता, तिला टोनही म्हणणारं एकही माणूस गावात उरलं नव्हतं. थोड्या वेळाने ती खाली वाकली आणि ते पोरीलाच सांगायला लागली.